तुमच्याकडे होतो

आमच्या संस्थेत फॉर्मचाही फॉर्म आहे. म्हणजे नवीन फॉर्म हवा असेल तर त्याची मागणी करायला एक फॉर्म भरावा लागतो, आणि तो मीच तयार केलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि ही बाई स्वतःला सोडून जगाला नावं ठेवते असं वाटायला नको.

आमचं काम सांगायला सोपं आहे. शहरात मुलांसाठी एक्केचाळीस छोटे गट चालतात. कुठे फुटबॉल, कुठे नाटक, कुठे सायकल दुरुस्ती, कुठे नुसतंच संध्याकाळी एकत्र जमणं. चालवणारी माणसं सगळी हौशी. दिवसभर आपापला कामधंदा करायचा आणि आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांना द्यायची. विमा, हॉलचे करार, प्रशिक्षण, परवानग्या ही कटकट त्यांच्यामागे नको म्हणून ती आम्ही करतो. मी तिथली प्रमुख, गेली नऊ वर्षं. पहिली दोन वर्षं मी दर संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गटात जाऊन बसायचे. मग कटकटच इतकी वाढली की जायला वेळ उरेना.

त्या बुधवारी संध्याकाळी सहाला कार्यकारिणीची बैठक होती. विषयपत्रिकेवर चौथा विषय होता: बुधवारचा टेबल टेनिस गट सलग दोन आठवडे बंद. हॉल सांभाळणाऱ्या हेडबाईंचं पत्र आलं होतं. हेडबाई म्हणजे जुन्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या शाळेचा हॉल आता त्यांच्या ताब्यात आहे, आणि त्यांच्याकडे वेळ मागणाऱ्यांची रांग लागलेली असते. नियम असा की सलग तीन आठवडे दार उघडलं नाही तर ती वेळ रांगेतल्या पुढच्याला जाते. पुढचा नंबर होता कंबर बारीक करण्याच्या वर्गाचा.

टेबल टेनिसचा गट चालवणारे एक प्लंबर आहेत. साठीला आलेले, कमी बोलणारे. मुलं त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही काका म्हणतो. सतरा वर्षं ते एकही बुधवार न चुकवता दोन टेबलं मांडत आले. जोडीला एक मित्र होता, तो गेल्या वर्षी बदली होऊन गेला, तेव्हापासून एकटेच. असा माणूस अचानक दोन आठवडे दारच उघडत नाही म्हटल्यावर विचारायला नको? म्हणून मी त्यांना बैठकीला बोलावून घेतलं.

काका आले ते कामाच्या कपड्यांत. खुर्ची खराब होऊ नये म्हणून त्यांनी आधी तिच्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि मग टोकावर बसले. शर्टाचा खिसा फुगलेला होता. पहिले तीन विषय पाऊण तास चालले, त्यातली वीस मिनिटं नव्या बोधचिन्हाचा निळा रंग किती निळा असावा यावर गेली. मग काकांचा विषय आला आणि मी बोलायला लागले.

"काका, तुमची अडचण असेल, मान्य आहे. पण कळवायचं तरी. मुलं येणार, दार बंद बघून परत जाणार. हॉल गेला तर पुन्हा मिळत नाही हो. आम्ही इथे तुमच्यासाठी धडपडायचं आणि तुम्ही दारसुद्धा उघडायचं नाही?"

आठ जण ऐकत होते, त्यामुळे मला जरा चेवच आला होता. जबाबदारी, सातत्य, मुलांचा विश्वास, काहीच सोडलं नाही मी. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला दहा मिनिटं होती.

"हो मॅडम," एवढंच म्हणाले. बिस्किटाला हात न लावता वर्तमानपत्राची घडी केली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंचं दुसरं पत्र आलं. तिसरा बुधवारही बंद, सबब पुढच्या महिन्यापासून वेळ रद्द. प्लंबरने किल्ली परत आणून दिली आहे. दोनच ओळी आणि खाली शाईची सही.

माझं डोकंच फिरलं. आदल्या संध्याकाळी मी घसा कोरडा करून सांगितलं आणि ह्या गृहस्थांनी जाऊन किल्ली देऊन टाकली! पालथ्या घड्यावर पाणी. फोन केले, उचलले नाहीत. तीन दिवस मी ऑफिसात ज्याला त्याला तेच सांगत होते, की आजकाल हौशी माणसं टिकत नाहीत, आम्ही काय काय करायचं. ऑफिसात आमचा एक तरुण सहकारी आहे, त्याला आम्ही तक्तेबहाद्दर म्हणतो, कारण तो दुःखाचासुद्धा रंगीत तक्ता करेल. तो म्हणाला, "मॅडम, आकडा एक्केचाळीसचा चाळीस करायचा का?" मी त्याच्यावरही ओरडले.

रविवारी जेवताना आईला सगळं ऐकवलं. आई छत्तीस वर्षं नर्स होती. तिला लांबलचक तक्रार ऐकायची सवय आहे, आणि ती मध्येच तोडायचीही.

"पण तो माणूस होता कुठे त्या बुधवारी?" तिने विचारलं.

"मला काय माहीत! गट बंद ठेवला की एक फॉर्म भरून पाठवायचा असतो. पाठवलाय म्हणे."

"मग त्यात लिहिलं असेल की."

"असेल."

"असेल म्हणजे? तू वाचला नाहीस?"

"अगं आई, असे आठवड्याला पन्नास येतात. तक्तेबहाद्दर नोंद करतो."

आईने पोळीचा तुकडा खाली ठेवला. "रोग्याला न बघता औषध देणारे डॉक्टर पाहिलेत मी. पण केसपेपरसुद्धा न बघता रोग्यालाच झापणारी तू पहिली. वाचायचे नसतील तर भरून कशाला घेता? उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर म्हणायचं, शेळ्याच बेशिस्त."

मला राग आला. आईचं खरं असलं की मला जास्तच राग येतो.

सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत मी फाईल काढली. तीन फॉर्म होते, तिन्ही वेळेवर आलेले. अक्षर मोठं, एकेक शब्द दाबून लिहिलेला. गटाचं नाव, तारीख, अपेक्षित मुलं चौदा. 'बंद ठेवण्याचे कारण' ह्या रकान्यात तिन्ही फॉर्मवर दोनच शब्द होते.

तुमच्याकडे होतो.

मला आधी अर्थच लागेना. मग मी आमच्या हजेरीचे कागद काढले, जे दाराशी दोरीला बांधलेल्या पेनने सही करून घेतो ते. पहिला बुधवार, सहा ते आठ, मुलांच्या सुरक्षिततेचं उजळणी प्रशिक्षण. काकांची सही. दुसरा बुधवार, सहा ते आठ, चर्चा: 'स्वयंसेवक टिकवायचे कसे?' काकांची सही. तिसरा बुधवार, कार्यकारिणीची बैठक, खास निमंत्रित. काकांची सही, वेळ पाच पंचावन्न. माणूस आमच्याकडे पाच मिनिटं आधी आला होता.

बुधवारी सहाला दार का उघडत नाही याचा जाब विचारायला मी त्यांना बुधवारी सहाला बोलावलं होतं. तिसरा आठवडा मीच बंद पाडला आणि हॉल माझ्या हाताने घालवला. त्यावर आठ माणसांसमोर त्यांना सातत्यावर व्याख्यान दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरच न्यायाधीश होऊन बसला होता.

मी खुर्चीत बसून राहिले. तक्तेबहाद्दर आला, त्याने बॅग ठेवली. त्याला तिन्ही फॉर्म दाखवले.

"हो, नोंद आहे," तो म्हणाला. "कारण: इतर."

"इतर?"

"आपल्या यादीत आजारपण, हवामान, हॉलची अडचण आणि इतर एवढेच पर्याय आहेत. यादी तुम्हीच मंजूर केलीत मॅडम."

बरोबर होतं, मीच केली होती.

तशीच उठून हेडबाईंकडे गेले. हॉलच्या बाजूला त्यांची छोटी खोली आहे, भिंतीवर किल्ल्यांचा फळा, प्रत्येक खिळ्याखाली वार आणि वेळ लिहिलेली. बाई सगळ्यांनाच अरेतुरे करतात, त्यांना वर्ग सोडून बाहेरचं जग ठाऊक नाही. मी सगळं सांगितलं, अगदी व्याख्यानासकट. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मुलांना मदत करता यावी म्हणून तू मुलांचा माणूस पळवून नेलास."

"हो बाई."

"नियम नियम आहे. तिसरा आठवडा बंद होता तो होता." फळ्यावरची बुधवारची किल्ली त्यांनी बोटाने सरळ केली. "पण रद्द केल्याची नोंद माझ्या वहीत मी महिनाअखेरीला करते. परवाच्या बुधवारी सहाला दार उघडलं, तो प्लंबर आत असला आणि निदान दहा मुलं टेबलाशी दिसली, तर मी वहीत वेगळं लिहीन. नऊ असली तर नाही. आणि तो आला पाहिजे. त्याच्या जागी तू चालायची नाहीस, तुझं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दोन वर्षांपूर्वी संपलंय. यादी तुमच्याच ऑफिसातून येते मला."

तेही खरं होतं. तीनशे जणांना प्रशिक्षणाला बसवलं मी, आणि स्वतः बसायला वेळ झाला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्याच नियमाने मी मुलांच्या खोलीत पाऊल टाकू शकत नव्हते.

मंगळवारी काकांना शोधत गेले. त्यांच्या बायकोने सांगितलं, दातांच्या दवाखान्यात बेसिनचं काम आहे. गेले तर काका आडवे, कंबरेपर्यंत बेसिनखालच्या कपाटात. माफी मागायची तर समोर तोंड तरी असावं, मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. बुटांकडे बघून मी म्हटलं, "काका, मी फॉर्म वाचले."

आतला पान्हा थांबला. "आज?"

"काल."

"बरं." पान्हा पुन्हा सुरू झाला.

"माझी चूक झाली. अगदी मोठी झाली. मला खूप लाज वाटतेय."

आत पान्हा फिरतच राहिला. मग मीच विचारलं, "पण तुम्ही बोलला का नाहीत? पहिल्याच वेळी सांगायचं, बुधवारी जमणार नाही म्हणून."

"सांगितलं होतं. तुमच्या ऑफिसातला पोरगा म्हणाला, प्रमाणपत्र संपतंय, आला नाहीत तर दार उघडता येणार नाही. म्हटलं, एक बुधवार जाऊ दे. दुसऱ्या वेळी म्हणाले, तुमचं मत फार मोलाचं आहे."

"मग तिथे सांगितलंत?"

"गोलाकार बसवलं होतं. माझी पाळी यायच्या आत वेळ संपला."

"आणि तिसऱ्या वेळी? मी एवढं ऐकवत होते तुम्हाला!"

काका सरकत बाहेर आले आणि भिंतीला टेकून बसले. हात पुसायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"आठ माणसं होती मॅडम. तुम्ही प्रमुख. चारचौघांत कसं म्हणायचं, की बाई, आत्ता ह्या मिनिटाला तुम्हीच मला बसवून ठेवलंय? तुमची काय अब्रू राहिली असती?"

मला रडूच यायला लागलं. मी त्यांची चारचौघांत काढत होते आणि ते माझी झाकत होते. दवाखान्यातली मदतनीस डोकावली, तिला वाटलं दात दुखतोय.

मग मी हेडबाईंची अट सांगितली. काकांनी ऐकून घेतलं. "येईन," ते म्हणाले. "पण माझीही एक अट आहे. बाईंच्या वहीत वेळ लागली की आमचं नाव तुमच्या यादीतून काढायचं."

"काढायचं? अहो, पण विमा?"

"बाईंच्या हॉलचा आहे, विचारलंय मी."

"प्रशिक्षण?"

"आत्ताच झालं की. तीन वर्षं चालतं. तीन वर्षांनी येईन, रविवारी ठेवलंत तर."

"पण काका, चूक सुधारू ना आपण. मी बुधवार बंद करते, लेखी देते."

"मग गुरुवारवाल्यांना बोलवाल." ते रागाने बोलत नव्हते, हेच वाईट होतं. "मॅडम, नळ गळत असला की मी आधी गळती कुठे ते बघतो. तुमच्याकडे खाली बादली ठेवतात आणि रोज किती भरली ते लिहितात. लिहा, माझं काही म्हणणं नाही. पण यादीतून काढल्यावर मला बोलावता येणार नाही ना?"

"नाही."

"मग काढा."

मला संताप आला. चूक आपली असली तरी संताप यायचा राहत नाही. नऊ वर्षं राबून, हजार परवानग्या आणून, शेवटी माझ्याकडून हवं काय तर मी नसणं! रस्त्याने जाताना मी मोठमोठ्याने एकटीच भांडत होते आणि समोरून येणारे लोक वाट देत होते.

बुधवारी साडेपाचला कार्यकारिणीच्या अध्यक्षांचा फोन आला. मी सकाळीच कळवलं होतं, की आजच्या बैठकीला येणार नाही आणि बुधवारची बैठक ह्यापुढे नको.

"अहो, वार बदलायचा ठराव बैठकीतच करावा लागतो," ते म्हणाले.

"मग करा."

"तुमच्याशिवाय कसा करणार? तुम्ही आज येऊन एवढा ठराव मांडा, म्हणजे पुढच्या बुधवारी तो कायम करू."

मी फोन बंद केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

हॉलवर पोहोचले तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं. काका किल्ली हातात घेऊन उभे, शेजारी हेडबाई वही घेऊन. दाराला तीन कागद चिकटवलेले होते, त्याच मोठ्या अक्षरात. 'आज दार उघडणार नाही. तुमच्याच कामासाठी मला बोलावलंय. पुढच्या बुधवारी नक्की. काका.' दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर 'नक्की' नव्हतं.

"मुलांना कळवलं नाहीत?" मी विचारलं.

"फोन नंबरांची यादी तुमच्याकडे जमा आहे," काका म्हणाले. "गटाने स्वतःजवळ ठेवायची नाही असं पत्र आलं होतं."

ते पत्रही माझंच. मी पायरीवर बसले. तीन आठवडे बंद दार बघून परत गेलेलं कोणतं मूल चौथ्यांदा येणार? बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

तेवढ्यात मागच्या बाजूने टक टक असा आवाज ऐकू आला. काकांनी मान वळवली आणि तरातरा निघाले. मागच्या बोळात, हॉलच्या बिनखिडकीच्या भिंतीवर पोरं टेबल टेनिस खेळत होती. टेबल नाही, जाळी नाही. भिंतीवर खडूने आडवी रेघ मारलेली, एकाने मारायचं, परतलेला बॉल दुसऱ्याने घ्यायचा. बॉल तिघांत एक, तोही चेपलेला. भिंतीचा रंग एका पट्ट्यात पार उडालेला होता.

"तुम्ही इथे कधीपासून?" मी विचारलं.

एक बारीकशी मुलगी पुढे आली. डाव्या हाताने खेळत होती, सगळे तिला डावरी म्हणत होते. "आम्ही दर बुधवारी येतो की. दार बंद असलं म्हणून बुधवार काय बंद असतो?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काकांना बोलावून नेतात त्या तुम्हीच का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काकांनी खिशातून बॉल काढले. दोन्ही खिसे भरून आणले होते. मग मला आठवलं, त्या बैठकीतही खिसा असाच फुगलेला होता.

सहाला दार उघडलं. टेबलं ओढल्याचा आवाज, दिव्याची खटखट, पोरांचा गलका. हेडबाईंनी दोनदा मोजली: तेरा. वहीत लिहून सही केली आणि आपल्या खोलीत गेल्या. मी उंबऱ्यावरच थांबले, कारण पुढे जायला माझ्याकडे प्रमाणपत्र नव्हतं.

पिशवीतून मी गट यादीतून काढण्याचा फॉर्म काढला. हो, तोही आहे. काका दारापर्यंत आले, भिंतीवर कागद टेकवून त्यांनी तो भरला. 'कारण' ह्या रकान्यापाशी क्षणभर थांबले, मग लिहिलं: बुधवार. मी खाली सही केली. ह्या नऊ वर्षांत इतका नेमका फॉर्म माझ्याकडे आला नव्हता, आणि तो माझ्याकडून सुटण्यासाठी भरलेला होता. वाईट वाटलं, खूप वाटलं. काका तोवर टेबलाशी परत गेले होते आणि डावरीचं मनगट धरून तिला काहीतरी दाखवत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

मी बघत उभी राहिले. फोन पिशवीत बंद पडून होता आणि तिकडे आठ माणसं माझी वाट बघत असणार. मागून कुणीतरी माझा पदर ओढला. चौदावं मूल आलं होतं, धावत, बूट हातात घेऊन.

"मावशी, दारात उभ्या राहू नका ना," ते म्हणालं. "आम्हाला आत जायचंय."

मी बाजूला झाले.